एक नकार, एक प्रवेश: जर्मनीतल्या एमएस्सीसाठी केलेल्या दोन अर्जांचं प्रकरण

सांगली भागातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून २०२३ साली सिव्हिलची पदवी घेतलेल्या मुलीने जर्मनीत जलअभियांत्रिकीच्या एमएस्सीसाठी अर्ज केले. पहिल्या विद्यापीठाने मार्चमध्ये नाही म्हटलं. त्यानंतर ज्या विद्यापीठात अर्ज केला, त्याच्या पात्रतेच्या अटी जवळजवळ सारख्याच होत्या, आणि तिथे तिला प्रवेश मिळाला. दोन अर्जांच्या मधल्या काळात तिचे गुण बदलले नव्हते, आयईएलटीएस पुन्हा दिलेली नव्हती, अनुभवातही सांगण्यासारखी भर पडली नव्हती. बदललं होतं एकच: तिने चार वर्षांत नेमकं काय शिकलं, हे दुसऱ्या अर्जात वाचणाऱ्याला दिसत होतं.

मी तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचा मार्गदर्शक होतो. तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून हे प्रकरण मांडतो आहे. लहान शहरांतल्या कॉलेजांमधून दरवर्षी मुलं असे अर्ज करतात, आणि त्यांतली बरीच आपल्या कॉलेजच्या नावालाच अपयशाचं कारण समजतात. या प्रकरणात तरी कारण ते नव्हतं.

पार्श्वभूमी

तिने इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला त्याच महिन्यात, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णेचा महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. त्यामुळे शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी ती माझ्याकडे आली तेव्हा विषय तिने आधीच ठरवलेला होता: नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, त्याच्या वरच्या भागातल्या कृष्णेच्या पुराचं हेक-रास या सॉफ्टवेअरवर एकमितीय प्रारूप, म्हणजे प्रवाह फक्त नदीच्या लांबीच्या दिशेने मोजणारं. काम प्रामाणिक झालं. नदीचे छेद जुने होते, विसर्गाची आकडेवारी तुटक होती, आणि या दोन्ही मर्यादा तिने अहवालात लपवल्या नाहीत.

अंतिम सीजीपीए दहापैकी ७.४. बॅकलॉग एक, दुसऱ्या वर्षाचा, पुढच्याच सत्रात सुटलेला. आयईएलटीएस ७. पदवीनंतर एका सल्लागार अभियंत्याकडे पाणीपुरवठा योजनांच्या आराखड्यांचं काम. घरची परिस्थिती अशी: वडील सहकारी बँकेत नोकरीला, मिरज तालुक्यात थोडी द्राक्षबाग, शहरात आजोबांच्या वेळचं घर.

सल्लागाराने दिलेली यादी

सुरुवात तिने पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीपासून केली. सल्ला मोफत होता. यादीत आलेली जवळजवळ सगळी विद्यापीठं जर्मनीतली खासगी होती, फी वर्षाला दहा हजार युरोंच्या पुढे, आणि अभ्यासक्रमांत पाण्याचा संबंध नावापुरता. याचं कारण प्रत्येक पालकाने समजून घ्यायला हवं. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं विद्यार्थी पाठवल्याबद्दल कुणाला दलाली देत नाहीत. मोफत सल्ला देणाऱ्याचं उत्पन्न कुठून तरी यावं लागतं, आणि ते खासगी संस्थांकडून येतं. त्या संस्था वाईटच असतात असं मी म्हणत नाही. पण ज्या मुलीला नदीचं गणित शिकायचंय तिला व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाकडे वळवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

सरकारी विद्यापीठांतही आता सगळीकडे फी शून्य नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अभ्यासक्रमानुसार सत्राला २,००० ते ६,००० युरो घेऊ लागलं आहे. बाकी बहुतेक ठिकाणी काहीशे युरोंचं सत्रशुल्क असतं. तिने कंपनीची यादी बाजूला ठेवली आणि डीएएडी या जर्मन सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थेच्या अभ्यासक्रम-सूचीतून स्वतः शोध घेतला. श्टुटगार्टचा जलसंपत्ती अभियांत्रिकीचा, ड्रेस्डेनचा जलविज्ञानाचा, असे इंग्रजीतून चालणारे आणि खरोखर नदीवर काम करणारे अभ्यासक्रम तेव्हा तिच्या समोर आले.

एक गोष्ट तिने अगदी वेळेवर केली. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन विद्यार्थी-व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र लागतं. दिल्लीतलं हे कार्यालय दहावीपासूनच्या मार्कशीट खऱ्या आहेत का ते तपासतं. शुल्क १८,००० रुपये. अनेक विद्यापीठं अर्जासोबतच हे प्रमाणपत्र मागतात, म्हणून प्रवेश मिळाल्यावर बघू असं म्हणणारी मुलं अडकतात. तिने २०२३ च्या दिवाळीआधीच कागद पाठवले होते.

पहिला अर्ज आणि नकाराचं पत्र

पहिल्या अर्जात तिने सगळ्यांसारखंच जोडलं: मार्कशीट, ट्रान्सक्रिप्ट, पदवी, एपीएस, आयईएलटीएस, दोन शिफारसपत्रं, हेतुपत्र. नकाराचं पत्र छोटं होतं, पण नेमकं. गणितात किमान २० ईसीटीएस, म्हणजे युरोपीय क्रेडिट, हवे होते. तिचे १२ मोजले होते. जलयांत्रिकीतही तसंच काही.

ती रडवेली होऊन आली. "सर, आपल्या कॉलेजचं नाव कुणाला माहीत नाही म्हणून झालं हे." मी तिला तो १२ चा आकडा परत वाचायला सांगितला. गणिताचे तीन पेपर, प्रत्येकी ४ क्रेडिट. म्हणजे तिकडे कुणीतरी आमचे क्रेडिट जसेच्या तसे ईसीटीएस म्हणून मोजले होते.

इथे जरा थांबून हिशेब सांगतो, कारण सगळं प्रकरण यावरच फिरलं.

आपल्याकडे आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे सत्राला एक क्रेडिट; प्रात्यक्षिकाच्या दोन तासांना एक. घरी केलेला अभ्यास त्यात धरत नाहीत. युरोपातला ईसीटीएस विद्यार्थ्याचा सगळा वेळ मोजतो. वर्गातला, घरचा, परीक्षेच्या तयारीचा. एका ईसीटीएसमागे २५ ते ३० तास, आणि पूर्णवेळ अभ्यासाच्या एका वर्षाचे ६०. तिची पदवी चार वर्षांची, एकूण क्रेडिट १६०. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात हाच आकडा धरला आहे. चार वर्षं म्हणजे युरोपीय मापाने २४०. तेव्हा आपला एक क्रेडिट साधारण दीड ईसीटीएस होतो. गणिताचे १२ झाले १८.

तरीही २० होत नाहीत. मग आम्ही अभ्यासक्रमाची पुस्तिका काढली. दुसऱ्या वर्षाला संगणक उपयोजनाचा ३ क्रेडिटचा एक विषय होता. नावावरून वाटेल की टायपिंग आणि एक्सेल शिकवत असतील. आत होतं काय? समीकरणांची संख्यात्मक उकल, न्यूटन-राफसन, रुंग-कुट्टा, आंशिक विकलक समीकरणांसाठी सांत-फरक पद्धत. हे सरळ गणितच आहे, आणि पुराचं प्रारूप ज्या गणितावर चालतं तेच आहे. त्याचे साडेचार धरले की बेरीज २२.५. अट पूर्ण होत होती, पहिल्या अर्जाच्या वेळीही होतच होती. फक्त ट्रान्सक्रिप्टवरच्या एका ओळीतून तिकडच्या प्राध्यापकाने ती कशी ओळखावी?

तक्ता

जर्मनीतल्या बऱ्याचशा एमएस्सी सलग प्रकारच्या असतात: बीएस्सीत जे शिकलं त्याच्याच पुढचं शिकवायचं. त्यामुळे निवड समितीचा पहिला प्रश्न विद्यार्थी हुशार आहे का, हा नसतो. आमच्या पहिल्या सत्राचा वर्ग सुरू झाल्यावर याला समजेल का, हा असतो. आपण मात्र अर्ज लिहितो तो हुशारी सिद्ध करायला. नंबर किती आला, कुठल्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, कुठल्या संमेलनाचं सूत्रसंचालन केलं. अमेरिकेतल्या विद्यापीठांसाठी यातलं काही उपयोगी पडत असेल. जर्मन समितीला विषय मोजायचे असतात.

म्हणून आम्ही तक्ता केला. अभ्यासक्रमाच्या संकेतस्थळावर विषयगटांच्या ज्या अटी दिल्या होत्या, त्याच क्रमाने डावीकडे गट: गणित, यांत्रिकी, जलयांत्रिकी, जलशास्त्र, पर्यावरण. प्रत्येक गटासमोर तिचे विषय, सत्र, व्याख्यानाचे आणि प्रात्यक्षिकाचे तास, आपले क्रेडिट, रूपांतर, मिळालेली श्रेणी, आणि शेवटच्या रकान्यात पुस्तिकेचा पान क्रमांक. प्रवाही यांत्रिकीचे दोन पेपर प्रयोगशाळेसह ८ क्रेडिट, म्हणजे १२. जलशास्त्राचे साडेचार. खुल्या प्रवाहमार्गांमधला अस्थिर प्रवाह, पूरमार्गणाची मस्किंगम पद्धत, एकक जलालेख ही प्रकरणं नावानिशी लिहिली, कारण तिकडचे शिक्षक नेमक्या याच शब्दांनी विषय ओळखतात. तक्त्याखाली रूपांतराचं सूत्र स्पष्ट दिलं आणि हेही लिहिलं की अंतिम मोजणी विद्यापीठाची. आकडा फुगवला असता तर तासांच्या रकान्यावरून लगेच उघडं पडलं असतं.

पुस्तिकेची ती पानं जोडली, पण त्यावर महाविद्यालयाचा शिक्का आणि सही हवी होती. हे काम सर्वांत कंटाळवाणं ठरलं. परीक्षा विभागाला वाटलं की अभ्यासक्रम तर संकेतस्थळावर आहेच, त्यावर सही कशाला. पण संकेतस्थळावर असतो तो चालू अभ्यासक्रम. ती शिकली तो जुना, आणि तो तिथून काढून टाकलेला होता. जुन्या पुस्तिकेची एक छापील प्रत ग्रंथालयात निघाली. जी महाविद्यालयं आपल्या जुन्या पुस्तिका जपून ठेवत नाहीत, ती आपल्याच माजी विद्यार्थ्यांचा पुरावा नष्ट करत असतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

७.४ म्हणजे किती

दुसरा घोळ गुणांचा. उत्तीर्ण होणाऱ्यांची जर्मन श्रेणी १ ते ४ अशी उलटी चालते, १ सर्वोत्तम. परदेशी गुण तिथे सुधारित बव्हेरियन सूत्राने बदलतात: कमाल गुणातून मिळालेले वजा करा, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण गुणाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. किमान उत्तीर्ण गुण कोणता धरता यावर उत्तर हलतं. किमान ४ धरला तर ७.४ चे २.३ होतात. किमान ५ धरला तर २.५६. बऱ्याच अभ्यासक्रमांची मर्यादा २.५ असते, म्हणजे या एका आकड्याने माणूस आत किंवा बाहेर.

तिने मित्रमैत्रिणींच्या सांगण्यावरून ५ धरला होता आणि २.५ ची मर्यादा असलेले अभ्यासक्रम स्वतःच यादीतून काढून टाकले होते. मार्कशीटच्या मागच्या बाजूला श्रेणींची सारणी छापलेली असते. त्यात उत्तीर्णतेची सर्वांत खालची श्रेणी ४ होती. पण स्कॅन करताना सगळे पुढचीच बाजू करतात! तिनेही तेच केलं होतं. दुसऱ्या अर्जात मागची बाजू जोडली, वर परीक्षा नियंत्रकांचं एक ओळीचं पत्र घेतलं की किमान उत्तीर्ण श्रेणीगुण ४ आहे.

विद्यापीठाच्या मान्यतेबद्दलही तिला शंका होती. अनाबिन नावाच्या जर्मन माहितीकोशात तिला आपल्या कॉलेजचं नाव सापडेना आणि घरात काळजी सुरू झाली. संलग्न महाविद्यालयाच्या बाबतीत तिथे पदवी देणारं विद्यापीठ शोधायचं असतं. ते होतं.

हेतुपत्र आणि शिफारस

हेतुपत्राच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात होती: पाणी म्हणजे जीवन, आणि लहानपणापासून मला नदीचं वेड. पुढे जर्मनीच्या तंत्रज्ञानाची स्तुती. तो मसुदा कुणाचाही असू शकला असता. ज्या मुलीच्या गल्लीत होडी फिरली, जिने त्याच नदीचं प्रारूप केलं, तिच्या पत्रात ती नदीच नव्हती.

दुसरं पत्र तिने असं सुरू केलं: २०१९ च्या पुरात पाणी चढलं त्यापेक्षा उतरायला फार वेळ लागला, आणि माझं एकमितीय प्रारूप हे दाखवू शकत नाही. मग कारण. शेतात पसरलेलं पाणी तिथे साचून राहतं, संगमाशी पंचगंगेचा पूर कृष्णेच्या पाण्याला अडवतो, खाली अलमट्टीचा जलाशय आहे. अलमट्टीची पूर्ण जलपातळी ५१९.६ मीटर, ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्याचा कर्नाटकचा आग्रह आहे आणि त्यावरून दोन राज्यांत वाद चालू आहे. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र शासनाने पुराची कारणं शोधायला वडनेरे समिती नेमली होती. तिने कुणाची बाजू घेतली नाही. एवढंच लिहिलं की या वादात बोलायचं तर द्विमितीय प्रारूप आणि त्यातली अनिश्चितता मोजायला आली पाहिजे, ते मला येत नाही, आणि तुमच्या दुसऱ्या सत्रातल्या या या विषयांत ते शिकवलं जातं. एक पान. दुसऱ्या वर्षाच्या बॅकलॉगचा उल्लेखही एका वाक्यात, सबबींशिवाय.

आपल्याला काय येत नाही हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा विद्यार्थी कुठल्याही शिक्षकाला हवासा वाटतो. मला तर ते पत्र वाचून अभिमान वाटला.

शिफारसपत्रांबद्दल माझ्या व्यवसायातल्या लोकांना सांगायचंय. "तू लिहून आण, मी सही करतो" ही पद्धत थांबवली पाहिजे. विद्यार्थ्याने स्वतःबद्दल लिहिलेल्या पत्रात विशेषणं येतात, प्रसंग येत नाहीत, आणि दोन वेगवेगळ्या शिक्षकांच्या पत्रांत तीच वाक्यरचना आली की वाचणाऱ्याला कळतं. मी या वेळी लिहिलं की विसर्गाची एक नोंद संशयास्पद दिसल्यावर तिने ती गुपचूप वगळली नाही, जलसंपदा विभागाच्या कार्यालयात जाऊन मूळ नोंदवही पाहण्याची परवानगी मागितली. पत्र महाविद्यालयाच्या अधिकृत मेलवरून गेलं.

पैसे

प्रवेशपत्र जूनमध्ये आलं, आणि आनंद ओसरायच्या आत पैशांचा प्रश्न उभा राहिला. व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाची रक्कम जर्मनीतल्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी भरावी लागते आणि ती तिथे पोचल्यावर दरमहा हप्त्याने मिळते. तेव्हा ती ११,२०८ युरो होती, महिन्याला ९३४. १ सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ झाली, महिन्याला ९९२. तिने जुलैत भरली, त्यामुळे जुना आकडा लागला. त्या वेळच्या दराने दहा लाखांच्या वर.

घरचे म्हणाले, द्राक्षबाग तारण ठेवू. बँकेने नकार दिला. थकीत कर्जाचं तारण न्यायालयात न जाता विकण्याचा अधिकार बँकेला सरफेसी कायदा देतो, पण शेतजमीन त्याच्या कक्षेबाहेर आहे, म्हणजे कर्ज थकलं तर बँकेला ती त्या मार्गाने विकता येत नाही. म्हणून शैक्षणिक कर्जाला बँका सहसा शेती तारण घेत नाहीत. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत मालमत्ता आहे ती शेतीच आहे, आणि हे त्यांना ऐन वेळी कळतं. शेवटी शहरातलं घर पुढे करावं लागलं. त्याच्या सिटी सर्व्हे उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव होतं आणि वारस म्हणून आत्याची सही लागत होती. आत्याचा मुलीला परदेशी पाठवण्यालाच विरोध होता. त्यांची समजूत मुलीने स्वतः काढली, घरी जाऊन, सगळा हिशेब वहीत मांडून दाखवत. वारसनोंद, शोध अहवाल, मूल्यांकन यांत आठवडे गेले. हे काम अर्जाबरोबरच सुरू करायला हवं असतं. प्रवेशाची वाट पाहण्याचं काही कारण नसतं.

कर्जातून रक्कम पाठवण्याचा एक फायदा त्यांना बँकेतल्या अधिकाऱ्याने सांगितला. शिक्षणासाठी वर्षाला सात लाखांपुढे पाठवलेल्या रकमेवर तेव्हा ५ टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर, लागत होता; मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवली तर अर्धा टक्का. २०२५ च्या अर्थसंकल्पाने मर्यादा दहा लाख केली आणि अशा कर्जावरचा टीसीएस काढून टाकला. हा कर विवरणपत्रात वळता होतो हे खरं, पण ऐन घाईत हातातून जातोच.

शिष्यवृत्ती? डीएएडीची विकासाशी निगडित अभ्यासक्रमांची योजना तिच्या विषयाला अगदी लागू, पण त्या योजनेसाठी पदवीनंतर किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. तिच्याकडे एक वर्षही पुरतं नव्हतं. समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतल्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असल्याने ती त्यात बसत नव्हती. ज्यांना ती लागू आहे त्यांनी मात्र जागतिक क्रमवारीची अट अर्ज करण्याआधी पाहावी, कारण चांगला जलअभियांत्रिकी विभाग असलेलं विद्यापीठ त्या क्रमवारीत असेलच असं नाही.

व्हिसाची मुलाखत मुंबईला साधी झाली. विचारलं काय? पहिल्या सत्रात कोणते विषय आहेत आणि तुझ्या पदवीशी त्यांचा काय संबंध. ज्या मुलीने तो तक्ता स्वतः भरला होता तिला यासाठी वेगळी तयारी करावी लागली नाही.

पुढे

ती ऑक्टोबर २०२४ मध्ये गेली. विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. तिने पहिलं सत्र कामाशिवाय काढलं, दुसऱ्यात विभागाच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागली. पहिल्या सत्रातलं गणित जड गेलं, असं तिने कळवलं. पास झाली.

आमच्या विभागात आता अंतिम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्याने शिकलेल्या अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत पदवीसोबत मागून घ्यायला सांगतो. तासांचा रकाना त्यात छापलेला असावा असा प्रस्ताव अभ्यासमंडळापुढे ठेवला आहे. संगणक उपयोजन या विषयाचं नाव बदलून संख्यात्मक पद्धती करावं, असाही. पहिला मान्य झाला, दुसऱ्यावर पुढच्या बैठकीत चर्चा आहे.